एका ग्रॅममध्ये दहा हजार बिया

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या सार्वजनिक बागेत गेलात, तर पिटुनिया तुम्हांला हटकून भेटेल. कर्ण्याच्या आकाराची जांभळी, गुलाबी, पांढरी, लाल फुले. पाने थोडी केसाळ आणि बोटांना चिकट लागणारी. गच्चीवरच्या कुंडीत, टांगलेल्या परडीत आणि शाळेच्या फाटकाजवळच्या ताटव्यात ती सारखीच खुलते. तयार रोपे विकत आणली तर काम सोपे आहे. पण शंभर-सव्वाशे रोपांचा ताटवा करायचा म्हटले, की खर्च शाळेला झेपत नाही. मग बियांचे पाकीट येते. वांग्या-मिरचीचे बी टाकतात तसे ते मातीत टाकले जाते, वर मातीचा हात फिरवला जातो, झारीने पाणी घातले जाते आणि पंधरा दिवस वाट पाहून 'बीच खराब होते' असा निकाल दिला जातो.

विद्यार्थी मित्रांनो, बहुतेक वेळा बी खराब नसते. ते पेरण्याच्या रीतीने मरते. आणि आपल्याकडे पिटुनिया पेरण्याचा योग्य काळ जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा असल्यामुळे, एकदा पेरणी फसली की त्या वर्षीचा ताटवाच गेला. मी पदार्थविज्ञान शिकवतो, वनस्पतिशास्त्र नव्हे. तरी हा विषय घेतला, कारण या बीला मारणारी आणि तारणारी बरीचशी कारणे तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातच सापडतात.

बी किती लहान?

पिटुनियाच्या सुमारे दहा हजार बिया तोलल्या तर एक ग्रॅम भरतात. म्हणजे एका बीचे वजन झाले ०.१ मिलिग्रॅम. बी गोल आहे आणि तिची घनता पाण्याइतकी आहे असे धरून तिचा व्यास काढा पाहू. आकारमान येते ०.१ घन मिलिमीटर आणि व्यास येतो ०.६ मि.मी.पेक्षा किंचित कमी. हरभऱ्याचा एक दाणा साधारण २०० मिलिग्रॅमचा असतो. त्या एका दाण्याच्या वजनात पिटुनियाच्या दोन हजार बिया बसतील!

या लहानपणाचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम शिदोरीचा. बीमध्ये साठवलेल्या अन्नावरच कोंब मातीतून वर येतो, आणि पाने हिरवी होऊन स्वतःचे अन्न तयार करू लागेपर्यंत त्याला दुसरा आधार नसतो. हरभऱ्याची शिदोरी मोठी. तो चार-पाच सेंटिमीटर खोलीवरूनही वर येतो. पिटुनियाच्या बीवर अर्धा सेंटिमीटर माती पडली, तरी उजेड दिसण्यापूर्वीच तिची शिदोरी संपण्याचा धोका असतो.

दुसरा परिणाम भूमितीचा आहे. गोलाचे पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आकारमान घनाच्या प्रमाणात. म्हणून वस्तू जितकी लहान, तितके तिच्या प्रत्येक घन मिलिमीटरमागे पृष्ठफळ अधिक. हरभऱ्याचा व्यास ७ मि.मी. धरला, तर पिटुनियाच्या बीला आकारमानाच्या मानाने त्याच्या सुमारे बारापट पृष्ठफळ लाभलेले आहे. ती पाणी झटकन शोषते आणि तितक्याच झटकन गमावते. कोरडी बी पाकिटात स्वस्थ पडून राहते. पण एकदा भिजून मुळाचे टोक बाहेर आले, की मग एका दुपारचे सुकणेही तिला पुरते.

आता अडचण कोठे आहे ते लक्षात आले का? ही बी पृष्ठभागावरच ठेवायला हवी, आणि मातीचा जो भाग सर्वांत आधी सुकतो तो पृष्ठभागच! पिटुनिया उगवण्याची सारी रीत म्हणजे या पेचातून काढलेली वाट आहे.

उजेड ओळखणारी बी

बी उघडी ठेवण्याला आणखी एक कारण आहे आणि ते फार मौजेचे आहे. पिटुनियाच्या बीला उगवण्यासाठी उजेडाची मदत होते. पुष्कळ बारीक बियांचे असेच असते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील कृषिसंशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूस या पालेभाजीच्या बियांवर प्रयोग केले आणि १९५२ साली ते प्रसिद्ध केले. भिजलेल्या बियांवर त्यांनी थोडा वेळ तांबडा प्रकाश सोडला, तेव्हा बिया उगवल्या. तांबड्यानंतर लगेच अतितांबडा, म्हणजे दृश्य वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडचा प्रकाश सोडला, तेव्हा बहुतेक बिया उगवल्या नाहीत. पुन्हा तांबडा सोडला, पुन्हा उगवल्या. तांबडा आणि अतितांबडा असे कितीही वेळा आलटून पालटून दिले, तरी निकाल ठरत होता तो शेवटी दिलेल्या प्रकाशावर. विजेच्या दिव्याचे बटण कितीही वेळा खालीवर करा, दिवा शेवटच्या स्थितीप्रमाणेच राहतो, तसेच हे.

बीमधल्या या बटणाला पुढे फायटोक्रोम असे नाव मिळाले. हे एक प्रथिन असून सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश त्याला एका रूपात आणतो, तर ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा अतितांबडा प्रकाश दुसऱ्या रूपात. पण बीला ही उठाठेव कशासाठी? हिरव्या पानांतील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते आणि अतितांबडा बराचसा जाऊ देते. म्हणून दाट झाडोऱ्याखाली पडलेल्या बीला अतितांबडा प्रकाशच अधिक मिळतो, आणि 'वर दुसरी झाडे उभी आहेत, अजून थांब' हा निरोप पोहोचतो. मातीखाली गाडल्या गेलेल्या बीला तर काहीच मिळत नाही, कारण माती काही मिलिमीटरमध्येच प्रकाश अडवते. ज्या बीची शिदोरी तुटपुंजी, तिने आंधळेपणाने निघून कसे चालेल?

पिटुनिया ही वांगे, मिरची, टोमॅटो, बटाटा यांच्याच कुळातली. तिचे नाव तर दक्षिण अमेरिकेतील तंबाखूच्या एका स्थानिक नावावरून आले आहे. ते वनस्पतिशास्त्रज्ञ झुस्यू यांनी १८०३ साली दिले. आपले शेतकरी गादीवाफ्यावर वांग्या-मिरचीचे बी टाकून वर गवत किंवा पेंढा पसरतात. त्या बियांसाठी ते योग्यच आहे. पण भावंडांची रीत पिटुनियाला लावू नका. माती नको, पेंढा नको आणि ओल टिकावी म्हणून वर्तमानपत्राचा कागदही नको.

यावर वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. दोन सारख्या थाळ्यांत सारखेच मिश्रण भरा, प्रत्येकीत ५० बिया पेरा आणि दोन्हींवर काच ठेवा. एकीच्या काचेवर व बाजूंनी काळा कागद गुंडाळा. दोन्ही थाळ्या शेजारी शेजारी, सावलीत ठेवा, म्हणजे तापमान सारखे राहील. बाराव्या दिवशी मोजा. अंधारात एकही बी उगवणार नाही असे समजू नका. वाण आणि तापमान यांप्रमाणे काही उगवतीलच. फरक संख्येत पाहायचा आहे. मात्र एक अट आहे. मध्येच कागद उचलून डोकवायचे नाही. क्षणभराचा उजेडही बटण दाबून जातो. पाणी खालून दिले, म्हणजे डोकावण्याची गरजही पडत नाही.

पाणी वरून नव्हे, खालून

झारीच्या तोटीतून पडणारा ४ मि.मी. व्यासाचा एक थेंब घ्या. त्याचे वजन सुमारे ३३.५ मिलिग्रॅम, म्हणजे पिटुनियाच्या बीच्या ३३५ पट. झारी ३० सें.मी. उंच धरली, तर खाली पोहोचेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ २.४ मीटर होतो. ४० किलो वजनाच्या विद्यार्थ्यावर त्याच्या ३३५ पट वजनाची वस्तू आदळली असे समजा. ती १३ टनांहून अधिक, म्हणजे एखादा भरलेला ट्रकच. उपमा ढोबळ आहे हे मी मान्य करतो. पण बिया उडतात, एका कोपऱ्यात गोळा होतात किंवा चिखलात गाडल्या जातात, ते यामुळेच.

मग पाणी द्यायचे कसे? येथे केशाकर्षण मदतीला येते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या म्हणजे वेड्यावाकड्या बारीक नळ्याच. अशा नळीत पाणी किती चढते याचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे: उंची = २ × पृष्ठताण ÷ (घनता × गुरुत्वत्वरण × त्रिज्या). पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन आणि नळीची त्रिज्या ०.१ मि.मी. धरा. उत्तर साधारण १४.७ सें.मी. येते. त्रिज्या अर्धा मि.मी. असेल, तर पाणी जेमतेम ३ सें.मी. चढेल. म्हणून बी पेरायचे मिश्रण बारीक चाळलेले हवे. ढेकळे आणि खडे यांच्यामधून पाणी वरपर्यंत पोहोचत नाही.

सम भाग कोकोपीट, बारीक वाळू आणि जुने, चांगले कुजलेले गांडूळखत चाळणीतून काढून एकत्र करा. त्यावर उकळते पाणी ओतून पूर्ण थंड होऊ द्या, म्हणजे रोगजंतू बरेच कमी होतील. तळाला भोके असलेली ५-६ सें.मी. खोल थाळी या मिश्रणाने भरून वरून हलकेच दाबा आणि एका परातीत दोन बोटे पाणी घेऊन त्यात ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत पृष्ठभाग गडद दिसू लागतो. पाणी वर पोहोचल्याची ती खूण. (ओली माती कोरडीपेक्षा गडद का दिसते? पाण्याच्या थरात शिरलेला प्रकाश पुन्हा पुन्हा आत परावर्तित होऊन शोषला जातो म्हणून. पण ते प्रकरण वेगळे.) आता थाळी काढून निथळू द्या आणि मगच पेरा.

पेरताना आणखी एक गंमत दिसेल. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत बिया प्लॅस्टिकच्या पाकिटाला चिकटून बसतात, झटकल्या तरी निघत नाहीत. बीचे वजन न्यूटनचा जेमतेम दहा लाखावा भाग आहे. घर्षणाने निर्माण झालेल्या विद्युतभाराचे आकर्षण त्याला सहज भारी पडते. त्या कोरड्या कागदावर ओता, चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा, जाड कागद मधोमध दुमडून त्याच्या घडीतून टिचकी मारत मारत पेरा. फुलस्कॅप कागदाएवढ्या थाळीत २०० बिया पुष्कळ झाल्या. प्रत्येक रोपाच्या वाट्याला सव्वातीन चौरस सेंटिमीटर जागा येते. पेरून झाल्यावर सपाट लाकडी ठोकळ्याने हलके दाबा. बीचा मातीशी स्पर्श झाला, की खालून येणारे पाणी तिच्यापर्यंत पोहोचते. वर काच ठेवा, म्हणजे आतली हवा दमट राहील आणि उजेडही मिळेल. पृष्ठताण, बाष्पीभवन आणि प्रकाश या तिन्हींचा मेळ बसला.

काच ठेवलेली थाळी उन्हात मात्र ठेवू नका. काचेखालचे तापमान थोड्याच वेळात चाळिशीपलीकडे जाऊ शकते, आणि पिटुनियाला उगवायला २१ ते २५ अंश सेल्सियस मानवते. उत्तरेकडचा, भरपूर उजेडाचा व्हरांडा उत्तम.

केव्हा पेरावे?

परदेशी पुस्तकांत आणि काही पाकिटांवर 'फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा' असे छापलेले आढळते. ते इंग्लंडसारख्या देशांसाठी बरोबर आहे. तेथे काचघरात वाढवलेली रोपे उन्हाळ्यात बाहेर लावतात. आपल्याकडे ही सूचना पाळली तर रोपे ऐन मे महिन्यात फुलावर यायची! पुणे, नाशिक यांसारख्या पठारावरच्या भागात जोराचा पाऊस सरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पेरावे. कोकणात आणखी पंधरा-वीस दिवस थांबलेले बरे. पिटुनिया मोठ्या दिवसांत लवकर फुलते. आपल्या हिवाळ्यातील दिवस लहान असल्यामुळे फुले थोडी उशिरा, पेरणीपासून साधारण तीन महिन्यांनी येतात. पण त्या काळात रोपाला फांद्या भरपूर फुटतात. ताटव्यासाठी हे फायद्याचेच आहे. फुलांचा बहर मार्चपर्यंत, जागा थंड असेल तर थोडा पुढेही चालतो.

सात ते दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागतील. बहुतेक बिया उगवल्या, की काच दररोज थोडी थोडी उघडी करून तीन-चार दिवसांत काढून टाका. एवढा वेळ हवीशी वाटणारी दमट हवा आता शत्रू होते. पिथियमसारखे बुरशीसदृश जीव पाण्याच्या पातळ थरातून पोहत रोपापर्यंत येतात, देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोपे आडवी पडतात. शेतकरी याला रोपे कोलमडणे म्हणतात. दाटी, साचलेले पाणी आणि कोंडलेली हवा टाळली, तर औषधाची वेळ सहसा येत नाही. रोपे उजेडाकडे वाकतात, म्हणून थाळी रोज अर्धी फिरवा.

खरी पाने तीन-चार झाली, की दात कोरायच्या काडीने एकेक रोप उचलून लहान पेल्यात लावा. रोप पानाला धरा, देठाला नव्हे. पान फाटले तर दुसरे येते, देठ चेंगरला तर रोप गेले. ते बोटभर उंच झाल्यावर शेंडा खुडा. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दबवून ठेवते. शेंडा गेला की बाजूने फांद्या फुटतात. वर्गातील मुलांना हे करताना जिवावर येते, हा माझा अनुभव आहे. शिक्षकांनी दोन रोपे न खुडता ठेवावीत, म्हणजे वाद आपोआप मिटतो.

कुंडीतले पाणी

सहा-सात आठवड्यांनी रोपे कायमच्या जागी जातात. ताटव्यात दोन रोपांत २५ ते ३० सें.मी. अंतर हवे, आणि दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. जमीन काळी, चिकण असेल तर वाफा १०-१५ सें.मी. उंच करून भरपूर कुजलेले शेणखत मिसळा.

कुंडीचा विचार मात्र नीट करायला हवा, कारण येथे तेच केशाकर्षण उलट बाजूने काम करते. कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घातले म्हणजे पाणी चांगले निथळते, असे बहुतेक सर्वजण सांगतात. खरे काय ते पाहण्यासाठी भांडी घासण्याचा एक आयताकृती स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवून आडवा, सपाट धरा. पाणी गळेल आणि थोड्या वेळाने थांबेल. आता तोच स्पंज हळूच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! स्पंज तोच, छिद्रे तीच; बदलली ती फक्त उंची. केशाकर्षण तळापासून ठरावीक उंचीपर्यंतचेच पाणी अडवून धरू शकते. आडव्या स्पंजात तो ओला पट्टा जवळजवळ सगळा स्पंज व्यापतो, उभ्यात फक्त खालचा भाग.

कुंडीतही असेच होते. मातीच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर अडकून राहतो, आणि त्याची जाडी कुंडीच्या खोलीवर नव्हे, तर मातीच्या पोकळ्या किती बारीक आहेत यावर अवलंबून असते. तळाशी खडे घातले तर काय होईल? मातीच्या बारीक पोकळ्यांतले पाणी खड्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. तो ओला थर खड्यांच्या वर जाऊन बसतो आणि मुळांना मिळणारी हवेशीर जागा तेवढी कमी होते. म्हणून भोकावर माती अडवण्यापुरती एक खापरी ठेवा आणि बाकी कुंडी मिश्रणाने भरा. मिश्रण भरड ठेवा: दोन भाग बागेतील माती, एक भाग पालापाचोळ्याचे खत, एक भाग जाड वाळू. येथे चाळणी नको. ज्या बारीकपणामुळे बी जगली, त्याच बारीकपणामुळे मोठ्या रोपाची मुळे कुजतील. पसरट कुंडीपेक्षा २५ सें.मी. खोल कुंडी बरी. तेवढ्या कुंडीत एक रोप पुरे, फार तर तीन. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून बाष्पीभवन होते, त्यामुळे मुळे थंड राहतात. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी दुपारच्या उन्हात चांगलीच तापते. तिला बाहेरून पांढरा रंग द्या.

कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर खत कमी पडले असे लगेच समजू नका. दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी माती आणि बोअरचे पाणी अल्कधर्मी असते. मातीत लोह असूनही ते विरघळत नाही आणि पिटुनियाला घेता येत नाही. सामू ५.५ ते ६ च्या आसपास तिला मानवतो. बाजारात मिळणारे चिलेटयुक्त लोह पाण्यातून दिले, की नवी पाने हिरवी येऊ लागतात.

फुले सुकताच ती खुडत गेलात, तर झाड बीकडे न वळता फुलत राहते. मार्चमध्ये मात्र काही बोंडे राहू द्या. ती तपकिरी होऊन फुटण्याआधी कागदी पाकिटात झाडली, की एकेका बोंडातून शंभराहून अधिक बिया सहज मिळतात. पाकिटावर 'एफ-१ संकर' असे लिहिलेले असेल, तर या बियांपासून आईसारखी फुले येतीलच असे नाही. मेंडेलच्या नियमांप्रमाणे दुसऱ्या पिढीत रंग आणि आकार विखुरतात. ताटव्यात एकच रंग हवा असेल तर नवे पाकीट घ्या. घरच्या बिया कोरड्या करून, घट्ट झाकणाच्या बाटलीत थंड जागी ठेवा. पुढच्या सप्टेंबरमध्ये काळ्या कागदाच्या प्रयोगाला त्या उपयोगी पडतील.